जायबंदी शिपाई आणि राज्याचें देणें

चौल-रेवदंड्याचा इतिहास लिहिणाऱ्यास लढायांची उणीव कधींच भासत नाहीं. १५०८ सालीं येथील खाडीच्या मुखाशीं पोर्तुगीजांची आणि मिसर व गुजराथ यांच्या संयुक्त आरमाराची झुंज झाली. १५७०च्या अखेरीस मुर्तझा निजामशहानें पोर्तुगीजांच्या चौलास वेढा घातला, तो पुढील सालच्या पावसाळ्यांत तह होऊन उठला. १५९४ सालीं समोरच्या कोरलईच्या टेकडीवरील निजामशाही ठाणें पोर्तुगीजांनीं मारून घेतलें. १६८३ सालीं संभाजी महाराजांच्या फौजेनें चौलास वेढा दिला, परंतु ठाणें हातीं आलें नाहीं. शेवटीं वसई पडल्यानंतर, १७४०च्या तहानें, चौल व कोरलई हीं दोन्ही ठाणीं मराठ्यांकडे आलीं. इतक्या निशाणांची उलथापालथ पाहिलेलें बंदर कोंकणपट्टींत क्वचितच सांपडेल.

या साऱ्या प्रसंगांचीं वर्णनें वाचतांना एक गोष्ट मनांत आल्यावांचून राहत नाहीं. कोण जिंकलें, कोण हरलें, किती पडले, हें सर्व बखरकार व इतिहासकार हौसेनें सांगतात. परंतु प्रत्येक लढाईंत पडलेल्यांच्या जोडीला ज्यांचा हात गेला, पाय मोडला, डोळा फुटला अशीं माणसेंही असतातच. मेलेल्याचा प्रश्न रणांगणावरच मिटतो. जायबंदी झालेला मनुष्य मात्र घरीं परत येतो आणि पुढें वीस-तीस वर्षें जगतो. त्याला ना नांगर धरतां येत, ना वल्हें मारतां येत, ना तलवार पेलतां येत. त्याच्या पोटाचें काय झालें? हा प्रश्न करुणेचा आहेच, पण त्याहून अधिक तो राज्यशास्त्राचा आहे; कारण त्याच्या उत्तरावरून त्या राज्यानें शिपायाशीं आपलें नातें कोणत्या प्रकारचें मानलें होतें, हें उघड होतें.

सरदाराची जखम इतिहासांत राहते. १५०८च्या त्याच लढाईंत पोर्तुगीज व्हाइसरॉयाचा मुलगा लोरेंसो द आल्मेइदा याचा पाय तोफगोळ्यानें मोडला. तरी तो डोलकाठीशीं बसून हुकूम सोडीत राहिला, आणि दुसऱ्या गोळ्यानें तेथेंच ठार झाला. पुढें कामोंइश या कवीनें आपल्या १५७२ सालच्या महाकाव्यांत त्याला स्थान दिलें. त्याच गलबतावर वल्ह्याशीं आणि तोफेशीं जे लोक जखमी झाले, त्यांच्या वांट्याला काव्य येणें शक्यच नव्हतें. त्यांना हवी होती ती भाकरी.

आपल्याकडील जुन्या चालीकडे पाहिलें तरी हाच भेद दृष्टीस पडतो. गांवासाठीं किंवा धन्यासाठीं जो पडला त्याचा वीरगळ उभारीत. मुंबईजवळ एक्सर येथें शिलाहारकालीन वीरगळ आहेत आणि त्यांवर प्रत्यक्ष समुद्रावरील युद्ध कोरलेलें आहे. वल्हविलेल्या नौकांच्या रांगा, झुंज, आणि वर स्वर्गीं गेलेला वीर, असा तो देखावा आहे. याच शिलाहारांच्या राज्यांत चौल हें चेमूल्य या नांवानें नांदतें बंदर होतें. पण वीरगळ हा मेलेल्याचा असतो. पाय गमावून घरीं आलेल्याचा दगड कोणी कोरीत नाहीं, आणि तें साहजिकही आहे. दगड एकदां उभारला कीं काम संपतें. जिवंत मनुष्याला दर महिन्याला धान्य लागतें. कीर्ति देण्यास राज्याला फारसा खर्च येत नाहीं. खरी कसोटी लागते ती निर्वाहाची जबाबदारी पत्करण्यांत.

पोर्तुगीजांनीं ही जबाबदारी कशी पार पाडली तें प्रथम पाहूं. गोव्यास राजाच्या खर्चानें चालणारें मोठें इस्पितळ होतें व तें मुख्यतः शिपायांसाठींच होतें. चौलासारख्या ठाण्यांत मिझेरिकॉर्दिया ही धर्मादाय संस्था आजाऱ्यांची, विधवांची व अनाथांची काळजी वाहत असे. याखेरीज सेवेचा मोबदला मिळविण्याची एक ठरलेली वाट होती. शिपायानें आपल्या लढाया व जखमा यांबद्दल वरिष्ठांचे दाखले गोळा करावयाचे, ते जोडून राजाकडे अर्ज करावयाचा, आणि मग प्रसन्न होऊन राजानें त्यास एखाद्या ठाण्यांतील हुद्दा बहुधा तीन वर्षांसाठीं द्यावयाचा. परंतु एकेका हुद्द्यावर इतक्या जणांचा हक्क आधींच लिहून ठेवलेला असे कीं आपली पाळी येईपर्यंत कित्येक वर्षें लोटत. कधीं हा हक्क मुलीस आंदण म्हणून लावून दिला जाई. म्हणजे मोबदला मिळे तो हुंडीसारखा. आणि ती वटेपर्यंत जगावयाचें कसें, हें ज्याचें त्यानें पाहावयाचें. दाखले मिळविण्यास ओळख लागे व अर्ज लिस्बनपर्यंत पोंचविण्यास पैसा लागे. गरीब शिपायाजवळ या दोन्ही गोष्टी नसत.

आतां महाराष्ट्राकडे वळूं. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाखालीं अफझलखानाचा व त्याच्या फौजेचा मोड झाला. या विजयानंतर शिवाजी महाराजांनीं काय केलें, तें कृष्णाजी अनंत सभासद यानें आपल्या बखरींत थोडक्यांत पण नेमकें सांगितलें आहे. जे लोक कामास आले त्यांच्या मुलांना पुढें चालविलें. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना नवऱ्याच्या वेतनाचा निम्मा भाग बांधून दिला. आणि जे जखमी झाले त्यांना दोनशें, शंभर, पन्नास, पंचवीस होन असे जखमेच्या मानानें दर माणशीं दिले. बखर घटनेनंतर कांहीं दशकांनीं, राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत जिंजीस लिहिली गेली, हें खरें. तरी तिचा लेखक दरबारांतील माहितगार होता, आणि त्यानें या गोष्टीचें वर्णन चमत्कार म्हणून न करितां कारभाराची बाब म्हणून केलें आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

या आंकड्यांचें मोल कळण्यासाठीं त्याच बखरींतील वेतनमान पाहावें. पायदळांतील शंभर माणसांवरच्या जुमलेदारास सालीना शंभर होन मिळत. म्हणजे सर्वांत जबर जखमेबद्दल दिलेले दोनशें होन हे जुमलेदाराच्या दोन वर्षांच्या वेतनाएवढे झाले. साध्या पाइकाचें वेतन याहून पुष्कळच कमी असणार. तेव्हां त्याच्या दृष्टीनें ही रक्कम कितीतरी वर्षांच्या कमाईइतकी होती. पावसाळ्यांत शेत पाहून दसऱ्यानंतर मोहिमेवर निघणारा मावळा हा अर्धा शिपाई व अर्धा शेतकरी असे. त्याच्या हातीं एकरकमी होन पडले म्हणजे बैलजोडी घेतां येई, गडी ठेवतां येई, गहाण जमीन सोडवितां येई. एका हाताचा मनुष्य स्वतः औत धरूं शकत नसला तरी औताचा मालक होऊं शकतो.

या व्यवस्थेंतील दोन गोष्टी विशेष विचारार्ह वाटतात. पहिली ही कीं मोजमाप जखमेचें झालें; निदान सभासदानें दर्ज्याचा उल्लेख केलेला नाहीं. दुसरी ही कीं मोबदला रोख होता. वेतन शक्य तों खजिन्यांतून द्यावें, मुलूख तोडून देऊं नये, हें महाराजांचें सामान्य धोरण होतें. त्यामुळें जखमी शिपायाचें नातें मधल्या कोणा वतनदाराशीं न राहतां थेट राज्याशीं जुळलें. मात्र एक उणेंही प्रामाणिकपणें नमूद केलें पाहिजे. विधवेला निमे वेतन चालू राहिलें, पण जखमींविषयीं बखर सांगते ती एकरकमी देणगीच. पंचवीस होन संपल्यावर काय, याचें उत्तर त्या काळीं एकत्र कुटुंब आणि गांव हेंच होतें.

पुढें शाहू महाराज व पेशवे यांच्या अमदानींत राज्याचा विस्तार झाला आणि फौजेची घडणही पालटली. सरदारांना सरंजाम तोडून देण्यांत आले. त्यांतून त्यांनीं आपापलीं पथकें बाळगावयाचीं. अर्थात् बहुतेक शिपायांचा पहिला हक्क राज्यावर न राहतां ज्या सरदाराचें मीठ खाल्लें त्याच्यावर आला. तरीही जुनी कल्पना नाहींशी झाली नाहीं. लढाईंत पडलेल्याच्या मुलाबाळांसाठीं करून दिलेल्या नेमणुकीस ‘बालपरवेशी’ असें नांव पेशवाईच्या दप्तरांत रूढच होतें. तसेंच मोठ्या कामगिरीबद्दल इनाम जमीन देण्याची चाल वाढली. रोख रक्कम खर्चून जाते. इनाम जमीन नातवापर्यंत पोंचते. वसईच्या १७३९च्या मोहिमेंत मराठ्यांकडील मृत व जखमी मिळून सुमारें पांच हजार झाल्याचें सांगतात. इतक्या घरांचा भार एकाच मोहिमेनें पडावा, अशी ती वेळ होती. आणि चौल हातीं आलें तें याच रक्ताच्या किमतीनें, हें विसरतां येत नाहीं.

येथपर्यंत वाचून कोणी असें म्हणेल कीं जखमी शिपायाची काळजी आम्हींच प्रथम घेतली. तसें म्हणण्यास इतिहासाचा आधार नाहीं, आणि त्याची गरजही नाहीं. इंग्लंडांत १५९३ सालीं कायदा होऊन लंगड्यालुळ्या झालेल्या शिपायांसाठीं गांवोगांव पट्टी बसविण्यांत आली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें १६७० सालीं पॅरिस येथें जायबंदी शिपायांच्या आश्रमाचा पाया घातला आणि इंग्रजांच्या चेल्सीच्या आश्रमाचा आरंभ १६८२ सालीं झाला. अमेरिकेंतील प्लिमथ या लहानशा वसाहतीनें १६३६ सालींच असा ठराव केला कीं वसाहतीनें लढाईवर पाठविलेला मनुष्य जायबंदी होऊन परतला तर त्याला जन्मभर वसाहतीनें पोसावें. थोडक्यांत, प्रतापगडची लढाई ज्या शतकांत झाली त्याच शतकांत जगाच्या निरनिराळ्या कोंपऱ्यांत हा एकच विचार माणसांना सुचत होता.

अमेरिकेची पुढील हकीकत मात्र मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण तींत या प्रश्नाची खरी गुंतागुंत दिसते. स्वातंत्र्ययुद्ध चालू असतां २६ ऑगस्ट १७७६ रोजीं तेथील काँग्रेसनें ठराव केला कीं ज्याचा हात-पाय गेला किंवा जो पोट भरण्यास असमर्थ झाला, त्यास जन्मभर अर्धा पगार द्यावा. सभासदानें विधवांसंबंधानें सांगितलेला ‘निमे’ हाच आंकडा येथें जखमींसाठीं आलेला पाहून वाचकांस मौज वाटेल. परंतु काँग्रेसजवळ कर बसविण्याचा अधिकारच नव्हता. तेव्हां वचन तिनें दिलें आणि पैसे निरनिराळ्या संस्थानांनीं द्यावे असें ठरलें. शिवाय अर्धा पगार म्हटला कीं कप्तानाचा तुटलेला पाय शिपायाच्या तुटलेल्या पायापेक्षां महाग ठरतो. १७८५ सालीं अगदीं निरुपयोगी झालेल्या साध्या शिपायाची कमाल मर्यादा महिना पांच डॉलर अशी ठरली.

नवी राज्यघटना आल्यावर मार्च १७९२ मध्यें नवा कायदा झाला. त्याप्रमाणें जायबंदी मनुष्यानें न्यायालयापुढें जातीनें हजर व्हावयाचें, जखम कोठें व कशी झाली याबद्दल वरिष्ठाचा किंवा दोन विश्वासू साक्षीदारांचा दाखला आणावयाचा, आणि आपण हल्लीं कसे पोट भरतों याबद्दल गांवच्या प्रतिष्ठित गृहस्थांची साक्ष द्यावयाची. न्यायाधीशांपैकीं कित्येकांनीं या कामास नकार दिला. त्यांचें म्हणणें असें कीं आम्हीं दिलेला निर्णय युद्धमंत्री व काँग्रेस फिरवूं शकत असतील, तर तें न्यायदानच नव्हे. विल्यम हेबर्न या अर्जदाराच्या नांवानें हें प्रकरण अमेरिकेच्या कायद्यांत प्रसिद्ध आहे. वादाचा निकाल लागण्यापूर्वीं १७९३ सालीं काँग्रेसनेंच कायदा बदलला. न्यायसत्तेच्या स्वातंत्र्याचा एक थोर सिद्धांत या प्रकरणांतून पुढें आला, हें खरें. पण तो वाद चालूं असतां लंगडत न्यायालयापर्यंत आलेला शिपाई रिकाम्या हातानें परत गेला, हेंही तितकेंच खरें. पुढें १८२० सालीं तर निर्धन म्हणून पेन्शन घेणाऱ्या वृद्ध शिपायांस आपल्या घरांतील सर्व चीजवस्तूंची यादी शपथेवर लिहून द्यावी लागली. देशासाठीं लढलेल्या म्हाताऱ्यानें आपल्या घरांतलीं मोडकीं भांडीं सरकारपुढें मोजून दाखवावयाचीं! राज्याचें देणें हें देणें न राहतां भिक्षा झालें म्हणजे काय होतें, याचें याहून बोलकें उदाहरण नको.

१७९२ हेंच साल आपल्याही इतिहासांत एका विलक्षण कारणानें या विषयाशीं निगडित आहे. त्या सालच्या म्हैसूरच्या युद्धांत इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नांवाचा एक मराठा शेतकरी बैल हांकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या लोकांच्या हातीं सांपडला आणि त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. तशाच स्थितींत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला. सुमारें वर्षभर तो नाकावांचून राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें त्याच्या कपाळाची कातडी उतरवून त्याला नवें नाक करून दिलें. मुंबई इलाख्यांतील दोघां इंग्रज वैद्यांनीं ही शस्त्रक्रिया पाहिली होती. जेम्स वेल्स या चित्रकारानें कावसजीचें चित्र काढलें, आणि लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४च्या अंकांत सर्व हकीकत छापून आली. ती वाचून कार्प्यू या इंग्रज शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं लंडनमध्यें तशीच शस्त्रक्रिया केली. आधुनिक सुघटनशल्याच्या इतिहासांत पुण्याचें नांव आहे तें यामुळें.

कावसजीचें नाक जगप्रसिद्ध झालें. परंतु त्या मजकुरांत एक लहानसें वाक्य आहे, त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. तो आतां कंपनीचा पेन्शनर आहे, असें तेथें म्हटलें आहे. तो शिपाई नव्हता. बंदूक त्यानें कधीं धरली नसेल. पण फौजेच्या पाठीमागें जे हजारों लोक धान्य, दारूगोळा व तंबू वाहतात, त्यांच्यापैकीं एकाच्या हानीचा हिशेब कंपनीनें मान्य केला. नाक कारागिरानें परत दिलें. हात कोणालाच देतां येत नव्हता, आणि एका हातानें शेत करणाऱ्याची भाकरी त्या पेन्शनावर अवलंबून होती. या उदाहरणावरून कंपनी सर्वांशीं सारखी वागत होती असें मात्र समजूं नये. मीर जाफरानें ठेवलेल्या पांच लाख रुपयांतून क्लाइव्हनें १७७० सालीं जो निधि स्थापिला, तो कंपनीच्या जायबंदी गोऱ्या अधिकाऱ्यांसाठीं व शिपायांसाठीं होता. पैसा बंगालच्या नबाबाचा, आणि त्यावरचा हक्क गोऱ्यांचा!

इंग्रजी अमलांत जुन्या देणग्यांची काय गत झाली, तेंही सांगितलें पाहिजे. १८५२च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि दक्षिणेंतील इनामांची चौकशी सुरू झाली. पूर्वजांनीं रणांत रक्त सांडलें, एवढें सांगून भागेना; सनद दाखविणें भाग पडलें. जखम झालेल्याला मरून शंभर वर्षें झालेलीं. कागदास वाळवी लागलेली. ज्यांना कागद दाखवितां आला नाहीं त्यांचीं इनामें गेलीं. पोर्तुगीजांचे दाखले, अमेरिकेंतील साक्षी आणि इनाम कमिशनच्या सनदा या तिन्हींचें मर्म एकच आहे. राज्याची स्मृति कागदांत असते आणि शिपायाची शरीरांत. दोहोंची गांठ पडली नाहीं तर शिपाई हरतो.

तरीसुद्धां नियमित रोख पेन्शनाची जी पद्धति इंग्रजी फौजेमुळें रुळली, तिचे परिणाम कोंकणांत दूरवर गेले. १८१८ नंतर दापोलीस लष्करी छावणी पडली. नेहमींच्या पलटणी उठल्यावरही जुन्याजाणत्या देशी शिपायांची पलटण तेथें कांहीं वर्षें राहिली, आणि पेन्शनर कुटुंबांची वस्ती झाली. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हे १८८६ सालीं फौजेंतून निवृत्त होऊन दापोलीस राहिले, आणि त्यांनीं अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालविली. सुभेदार रामजी सकपाळ हे निवृत्तीनंतर तेथेंच येऊन राहिले. त्यांचे चिरंजीव भीमराव त्या वेळीं अगदीं लहान होते. हीं पेन्शनें जखमेचीं नव्हतीं, सेवेचीं होतीं. पण मुद्दा असा कीं ज्या घराला गांवच्या पाटलाकडे किंवा खोताकडे हात पसरावा लागत नाहीं, त्या घराला मान वर करून विचार करतां येतो. जो पैसा कृपेनें न मिळतां हक्कानें मिळतो, त्याचें तेज कांहीं निराळेंच असतें.

पहिल्या महायुद्धांत हिंदी शिपाई फ्रान्स व इराकच्या रणांगणांवर हजारोंनीं जखमी झाले. तेव्हां १९१७ सालीं मुंबईस जायबंदी शिपायांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरी शाळा निघाली, ती पुढें खडकीस गेली. १९४४ सालीं पुण्यास लष्कराचें कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झालें. कावसजीला जो हात पुणें देऊं शकलें नव्हतें, तो दीडशें वर्षांनीं त्याच पुण्यांत तयार होऊं लागला. रकमेबरोबर कसब आणि कसबाबरोबर अवयव देण्यापर्यंत ही कल्पना वाढत गेली, ही समाधानाची गोष्ट आहे.

इतक्या देशांच्या व इतक्या शतकांच्या व्यवहारांतून एक तात्पर्य निघतें. जखमी शिपायाला सर्वच राज्यांनीं कांहीं ना कांहीं दिलें. फरक पडला तो दिलें कोणत्या भावनेनें, यांत. कोणी कृपा म्हणून दिलें, कोणी धर्म म्हणून, कोणी पुढील भरतीस उत्तेजन म्हणून. त्या सर्वांत देणाऱ्याची मर्जी फिरली कीं घेणाऱ्याचें पोट उपाशी राहतें. प्रतापगडच्या पायथ्याशीं जो हिशेब झाला, तो विजयाच्या उत्सवाबरोबरच झाला. जखमींना दाखले घेऊन दारोदार फिरावें लागल्याचें बखर म्हणत नाहीं. जखमा पाहूनच होन दिल्याचें ती सांगते. रक्कम किती होती यापेक्षां हा क्रम महत्त्वाचा आहे. लढाईचा खर्च मांडतांना तोफा, दारू व घोडीं यांच्या बरोबरीनें तुटलेल्या हातापायांची बाब ज्या वहींत पहिल्याच दिवशीं लिहिली जाते, ती वही चोख म्हणावी. ज्या वहींत ती बाब मागाहून, अर्ज आल्यावर, धर्मादायाच्या सदराखालीं लिहिली जाते, तींतील जमाखर्च कितीही जुळला तरी तो अपुराच आहे.